पिंगळ्याचे डोळे

विमलअक्का गेल्याचं तिच्या भाच्यानं, प्रकाशनं, फोनवर सांगितलं तेव्हा मी जळगावला घरीच होतो. "काका, अक्का गेली. सकाळी दार उघडलंच नाही तिनं..." एवढंच तो बोलू शकला. त्याला आता पाच आठवडे झाले. ऐंशीच्या दशकात ज्यांनी तंबूत बसून आपल्या खानदेशी बोलीतले सिनेमे पाहिले, त्यांना विमलअक्का हे नाव ठाऊक नसेल, पण सिनेमाआधी पडद्यावर येणारा पिंगळा, ते लहानसं घुबड, नक्की आठवत असेल. तो तिनं काढला होता.

धुळ्यात ती मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची आणि मी तिथेच फोटो स्टुडिओ चालवायचो. जळगावचे एक कापसाचे व्यापारी होते, सगळे त्यांना नाना म्हणत. त्यांनी सिनेमाची कंपनी काढली, नाव ठेवलं ‘पिंगळा चित्र’. पहिल्या सिनेमाच्या सुरुवातीला नुसती रंगवलेली पाटी होती. दुसऱ्याच्या वेळी नाना हटून बसले, "पाटी नको. पक्षी हलला पाहिजे." चित्र हलवतात कसं हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. एक जुनं पुस्तक मिळवून अक्कानं काचेखाली बल्ब लावला, कागद एकावर एक तंतोतंत बसावेत म्हणून त्यांना भोकं पाडली आणि चित्रं काढायला बसली. सेकंदाला बारा, आठ सेकंदांची शहाण्णव. भाड्याच्या कॅमेऱ्यानं मी ती एकेक करून टिपली. बाभळीच्या फांदीवर पाठमोरा पिंगळा, त्याची मान हळूहळू मागे वळते, मिटलेले डोळे उघडतात आणि थेट आपल्याकडे बघतात. भिंतीवर पहिल्यांदा पाहिला तेव्हा मीच दचकलो. अक्का मात्र टाळ्या पिटत म्हणाली, "जिवंत झाला रे भाऊ!"

अक्काचं गाव साक्रीजवळ. दिवाळीच्या सुट्टीत तिथल्या बाजारात तंबू लागला, म्हणून लोकांना पिंगळा कसा वाटतो ते बघायला आम्ही दोघं गेलो आणि तिच्या वडिलांकडे, आबांकडे, उतरलो. पिंगळ्यानं डोळे उघडले तशी पुढे बसलेली पोरं किंचाळली. आम्हाला त्याचं कौतुकच वाटलं. तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जेवत असताना बाहेर गलका झाला. मी दाराच्या फटीतून पाहिलं. वीस-पंचवीस माणसं होती, काहींच्या हातात काठ्या. पुढच्या माणसाची मुलगी सिनेमा पाहून आल्यापासून तापानं फणफणली होती. "मास्तरीण कोठे शे? बाहेर काढा तिले!" तो ओरडत होता. "तुनी नजर लागनी आमनी पोरले!" मागून कुणीतरी ‘डाकीण’ म्हणालं. हा शब्द आमच्या भागात कुठवर जाऊ शकतो हे आबांना माहीत होतं. त्यांनी दाराला पाठ लावली. माझ्या हातातला घास हातातच राहिला. पळायला मागचं दार आहे का, हेच मी शोधत होतो... आज लिहिताना लाज वाटते, पण तसंच झालं.

अक्का पांढरीफटक पडली होती. तरी आतूनच तिनं विचारलं, "पोरले दवाखानामा लई गयात का?" कुणीच नेलं नव्हतं. तिनं आबांना हातानं बाजूला केलं आणि कडी काढली.

त्या गर्दीतून चालत आम्ही त्या घरी गेलो. आठ वर्षांची पोर गोधडीत कुडकुडत होती. अक्का जवळ जाताच आईनं पोरीला पोटाशी ओढलं. बऱ्याच मिनतवाऱ्यांनंतर एक ट्रॅक्टर मिळाला. ट्रॉलीत पोर, तिचे आईबाप, अक्का आणि मी. वाटेत पोरीची मान कलंडली की बाप आमच्याकडे बघायचा. ही आत्ता गेली तर आम्हीही इथंच संपणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. साक्रीला डॉक्टरांनी रक्त तपासलं, मलेरिया निघाला. बापाचा विश्वास बसेना. तीन दिवस तो दवाखान्याच्या पायरीवर बसून होता आणि अक्काला त्यानं नजरेआड होऊ दिलं नाही. चौथ्या दिवशी पोरीनं पेज मागितली. बाप आत जाऊन तिला बघून आला आणि अक्काला म्हणाला, "आते जाय तू." बाकी काही नाही.

धुळ्याच्या एसटीत अक्का खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "भाऊ, काठ्यांची भीती वाटली, पण ती वेगळी. त्या पोरीचं अंग हाताला लागलं ना, तेव्हा मला वाटलं... हे खरंच असलं तर? मीच केलं असलं तर?" मी म्हणालो, "अक्का, मलेरिया निघाला." ती म्हणाली, "माहीत आहे मला."

नानांना हे कळलं तेव्हा ते खूशच झाले. पिंगळ्याची चर्चा होतेय, आता तर तो सिनेमातून काढून टाकायचाच नाही म्हणाले. अक्कानं वाद घातला नाही. एका दुपारी ती कंपनीत गेली, रिळाच्या सुरुवातीची ती आठ सेकंदं कात्रीनं कापली आणि नानांच्या टेबलावर ठेवली. नंतर तिनं दुसरा पिंगळा काढून दिला. तो पाठमोराच उडून जायचा. नव्वदनंतर त्याच्याही जागी मुंबईहून करून आणलेली सोनेरी फिरती अक्षरं आली आणि पुढे कंपनीच बंद पडली. अक्कानं मात्र नंतर कुणाचाच चेहरा काढला नाही. वर्गात मुलींना फुलं, भांडी, डोंगर शिकवायची. एखादी मुलगी आजारी म्हणून गैरहजर असली की शाळा सुटल्यावर ही तिच्या घरी हजर. लोक कौतुक करायचे, बाई किती मायाळू. ती कुठल्या भीतीनं जायची, ते मला ठाऊक होतं.

गेल्या रविवारी प्रकाशनं तिची खोली आवरायला बोलावलं. टेबलावर पेन्सिलींचा पत्र्याचा डबा होता आणि त्यात, पेन्सिलींमध्ये, थर्मामीटर. मी तो उजेडात धरला. पारा एकशे तीनवर थांबलेला.

"तिला ताप होता?" मी विचारलं.

"आम्हाला काहीच बोलली नाही," प्रकाश म्हणाला.

थर्मामीटर झटकायला माझा हात वर गेला होता. मी तो खाली घेतला आणि पारा होता तिथेच ठेवून डबा बंद केला.