मी परीक्षेचा पेशंट

फस्स... फस्स... चाकणच्या कंपनीत मी प्रेस मशीनवर होतो, तेव्हा हवेचा पाइप गळायला लागला की असा आवाज यायचा. पुढे मोठ्या दवाखान्यात एका मॅडमनी आपली नळी माझ्या कानात घातली आणि माझंच काळीज मला ऐकवलं. तोच आवाज!

"बाबा, तुमचा व्हॉल्व्ह लीक आहे."

"मग बदला की! आम्ही दहा मिनिटांत बदलायचो."

मॅडम हसल्या. "गोळ्यांवर भागतंय तोवर भागवू. पण आमच्या पोरांना शिकायला याल का?"

तेव्हापासून जातोय. डॉक्टर होणारी पोरं दरवर्षी नवी, छाती तीच. किस्से साठणारच!

* * *

एकजण म्हणाला, "बाबा, श्वास धरून ठेवा." मी धरला. तो ऐकण्यात इतका रमला की सोडा म्हणायचं विसरला. मी कंपनीतला माणूस, सुपरवायझरने सांगितल्याशिवाय मशीन बंद करणार नाही!

माझा लाल चेहरा बघून मॅडम धावत आल्या. "अरे, ऑर्डर दिलीस, आता कॅन्सल पण कर!"

* * *

दुसऱ्याने पुस्तकातलं मराठी पाठ करून विचारलं, "वेदना इतरत्र प्रसारित होते का?"

शेजारी आमची मंडळी बसलेली, निघोज गावची. ती म्हणाली, "आरं लेकरा, दुखनं तितंच ऱ्हातंय का कुटं पळतंय, आसं इचार!"

पुढच्या आठवड्यात अख्खी बॅच विचारायला लागली, "बाबा, कुठं पळतंय?"

* * *

परीक्षेत पेशंटने आजाराचं नाव सांगायचं नसतं. पण पोरं हुशार. पहिला बाहेर पडला की निरोप फिरतो, "चार नंबरची खाट, व्हॉल्व्ह!"

एकाने तर माझ्या स्वेटरवरूनच ऐकलं आणि सगळं बरोबर लिहिलं. परीक्षक म्हणाले, "वा! पुढच्या वेळी दारातूनच ऐक!"

* * *

आणि ही सांगवीची मुलगी. हिच्यामुळे मी आज बसून बोलतोय.

वडील कंपनीत कामाला. आदल्या परीक्षेत ती नापास झाली होती. पेशंटशी बोलत बसली, वेळ संपली, कागद कोराच राहिला. या खेपेलाही नापास झाली तर आणखी सहा महिने घरी. आल्या आल्या म्हणाली, "बाबा, आज मी कमी बोलणार हं."

पेन काढलं. मग तिची नजर माझ्या सुजलेल्या पायांवर गेली.

"बाबा, अंगातलं पाणी काढायची ती लघवीची गोळी घेता ना?"

आता लेकरापुढे खोटं कसं बोलू? परीक्षा चार दिवसांची. त्या गोळीने सारखं उठावं लागतं, पोरांचा खोळंबा होतो. म्हणून चारही दिवस मी ती घेतलीच नव्हती. आडवं पडलं की दम लागायचा, म्हणून झोपायचोही बसून. कुणी विचारलं नव्हतं. उत्तर सगळ्यांना आधीच ठाऊक होतं ना!

तिने नडगीवर बोट दाबलं. खळगा तसाच राहिला. पाठीला खाली नळी लावून ऐकलं आणि पेन खिशात ठेवलं.

"सिस्टर, ऑक्सिजन! आणि मॅडमना बोलवा."

इंजेक्शन होईपर्यंत तिने माझा हात सोडला नाही. तेवढ्यात घंटा वाजली. गेल्या खेपेचेच परीक्षक समोर उभे.

"पुन्हा कोराच?"

"हो सर. बाबांनी आपल्या परीक्षेसाठी गोळी बंद केली होती. छातीत पाणी झालंय."

त्यांनी स्वतः माझ्या पाठीला नळी लावली. बराच वेळ ऐकलं. मग तिच्या हातातला कोरा कागद घेतला, खाली 'पास' लिहून सही केली, आणि पुढच्या खाटेकडे निघून गेले.