हळू होत गेलेला आवाज

जेवताना नवऱ्याने विचारलं, "तू आजकाल एवढं हळू का बोलायलीस?"

माझा आवाज तर माझ्या डोक्यात घुमत होता. हातातला घास तसाच राहिला. इतकं हळू बोलणारी एकच बाई मला माहीत होती, माझी आई.

पोखर्णीला माझ्या माहेरी आईची चार बाळंतपणं झाली आणि दर वेळी तिचं ऐकणं कमी होत गेलं. कानाला फडकं नीट बांधलं नाही, वारं लागलं, असं सगळे म्हणायचे. तिलाही ते पटलं होतं. पुढे तिचा आवाज इतका खाली गेला की तिचं बोलणं ऐकायला आम्ही जवळ सरकून बसायचो.

बोरीत आमची पिठाची गिरणी आहे. त्या खडखडाटात गिऱ्हाइकाचं बोलणं मला नीट ऐकू यायचं, म्हणून मी निर्धास्त होते. गिरणी बंद झाली की मात्र घरात मुलीला मला दोन-दोनदा हाका माराव्या लागायच्या. डाव्या कानात सारखा सूं आवाज चालायचा. त्यात मला तिसरा महिना होता.

परभणीच्या कानाच्या डॉक्टरांनी चिमट्यासारखा दोन टोकांचा एक लोखंडी काटा वाजवून माझ्या कानासमोर धरला. काहीच ऐकू आलं नाही. तोच कानामागच्या हाडावर टेकवला, तर आवाज थेट डोक्यात शिरला. मग बंद खोलीत बसवून तपासणी केली. ते म्हणाले, कानात तांदळाच्या कणीएवढं एक हाड असतं, ते हललं की आवाज आत पोचतो. माझ्या त्या हाडाभोवती नवं हाड वाढत होतं आणि त्यात ते जखडलं होतं. गोंगाटात समोरचा मोठ्याने बोलतो, म्हणून गिरणीत फसगत झाली. आणि स्वतःचा आवाज हाडातून मोठा ऐकू येतो, म्हणून मी हळू बोलत होते.

घरात कुणाला आहे का, त्यांनी विचारलं. मी आईचं सांगितलं, माझ्या दिवसांचंही सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"काही बायकांत गरोदरपणात हे वाढतं," ते म्हणाले. "सगळ्यांत नाही. पण लक्ष ठेवा."

त्यानंतर रोज सकाळी नवरा माझ्या पाठीमागे उभा राहून काहीतरी बोलायचा आणि मी ते परत म्हणून दाखवायची. सातव्या महिन्यात उजव्या कानातही सूं सुरू झालं. नवव्यात तो बोलला तरी मी गप्पच उभी राहायची, अजून त्याने सुरुवात केली नाही असं समजून. मुलगा झाला. तो रडतोय हे मला त्याच्या तोंडाकडे बघून कळायचं.

तो दीड वर्षाचा झाल्यावर मोठ्या शहरात डाव्या कानाचं ऑपरेशन झालं. जखडलेलं हाड काढून बारीकशी दांडी बसवली. आठवडाभर जमीन फिरत होती. मग एका दुपारी शेजारच्या खाटेवरच्या बाईने पेपरचं पान उलटलं आणि मी दचकले.

आईलाही डॉक्टरांकडे नेलं, पण तिची आतली नसही कमजोर झाली होती. कानाला लावायच्या मशीनने थोडं ऐकू येतं. हे वाऱ्याने झालं नव्हतं, हाड वाढलं होतं, हे मी तिला समजावलं.

"मंजी माझी चूक नव्हती," ती म्हणाली.

मग अंगणात खेळणाऱ्या माझ्या मुलीकडे बघत तिने विचारलं, "हिला?"

सगळ्या लेकरांना होतंच असं न्हाई, मी सांगितलं. डॉक्टरही तेच म्हणतात. तिची तपासणी दर वर्षी करतो. आत्तापर्यंत तीनदा केली, तिन्ही वेळा ठीक आली. हे बहुधा विशी-तिशीत सुरू होतं, आणि ती आता तेरा वर्षांची आहे.