थोरल्या जावेचं मोहाचं झाड

जमिनीला दुखतं यावर अख्ख्या गडचिरोली जिल्ह्यात ज्या एका बाईचा पक्का विश्वास आहे, ती नेमकी माझ्या वाट्याला थोरली जाऊ म्हणून आली. पन्नास वर्षं आम्ही एकाच कुडाच्या दोन बाजूंना राहतो. शेताच्या बांधावर पाय ठेवण्याआधी ती चप्पल काढून हातात घेते. काटा रुतला तर काट्याला नाही, स्वतःच्या पायाला शिव्या देते, कारण काटा तिथला, पाय उपरा. तिच्या घरी संडासाचा खड्डा खणायचा ठरला, तेव्हा पहिली कुदळ पडण्याआधी तिने हात जोडून जमिनीला सगळं समजावून सांगितलं. खड्डा किती खोल, घरात माणसं किती, किती वर्षं पुरायला हवा. तेवढ्यात गड्यांचा दोनदा चहा झाला. मी म्हटलं, "बाई, कायच्यासाठी खनून राह्यले ते तेवढं सांगू नका. जमीन नाई म्हनन."

जंगलातून काहीही आणताना थोडं मागे सोडायचं, हा तिचा नेम. पावसाळ्यात वारुळावर सात्या उगवतात, ती आमच्याकडची अळिंबी. दहा दिसल्या तर ही सात खुडते, तीन वारुळाला ठेवते. ही सवय हाताला इतकी लागली की बाजारात तोलून घेतलेल्या वांग्यांतलं एक वांगंही ती परत टोपलीत टाकते. विकणारी म्हणते, "आजी, हे तुमचं हाये." ही म्हणते, "राहू दे माय, समदंच नेऊ नाई." ती विकणारी आता हिला लांबून पाहिलं तरी हाका मारते, यात नवल नाही.

गावाची पूजा होईपर्यंत आमच्यात नवा आंबा तोंडाला लावत नाहीत. आधी कोय धरू द्यायची, असा जुना रिवाज. तो मीही पाळते. पण जाऊबाईने तो बाटलीलाही लावला. एका उन्हाळ्यात धानोऱ्याला पर्यावरणाची सभा होती, तिथे आम्हा बायांना जीपने नेलं आणि आंब्याच्या सरबताच्या बाटल्या वाटल्या. हिने बाटली परत केली. सभा घेणारे साहेब समजुतीने म्हणाले, "आजी, हा मागच्या वर्षीचा आंबा आहे." ही म्हणाली, "मंग मागच्या साली कोनाचा वाटा रोखून ठेवला होता, साहेब?" साहेबांनी आपलीही बाटली खाली ठेवली. मग त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवून विचारलं, माणूस धरतीचा मित्र की वैरी? बाया एकमेकींच्या पदराकडे बघू लागल्या. जाऊबाई उभी राहिली. "सून हाये जी," ती म्हणाली. "कामबी करते, मडकेबी फोडते. नांदली म्हंजे झालं." टाळ्या पडल्या. मी नाही वाजवल्या. आमच्या सासूची सगळ्यात जास्त मडकी हिनेच फोडली आहेत.

खरं सांगायचं तर मला हे सगळं जास्तीचं वाटायचं. माणसाला खायचं असेल तर नांगर चालणार आणि लाकूड तुटणार. त्यात माफी मागून भात जास्त पिकत नाही.

आमच्या बांधावर मोहाची दोन झाडं जवळ जवळ आहेत. वाटणीत एक तिला आलं, एक मला. चैतात पहाटे फुलं गळतात आणि खाली पाचोळा असला तर ती वेचायला दिसत नाहीत, म्हणून पुष्कळ लोक पाचोळा पेटवून जागा साफ करतात. जाऊबाई खराट्याने झाडते. तिच्या तोंडाच्या भीतीने मीही झाडायचे. पण तीन वर्षांपूर्वी माझ्या गुडघ्यांनी जवाब दिला, आणि नेमकी ती मुलचेऱ्याला लेकीकडे गेली होती. मी माझ्या झाडाच्या तीन बाजूंचा पाला ओढून, आग पसरू नये म्हणून पट्टा मोकळा केला आणि काडी लावली. चौथी बाजू तिच्या झाडाची. तिकडे मी पाहिलंसुद्धा नाही. पन्नास वर्षांत फुलांच्या दिवसांत तिथे एक पान पडून राहिलेलं मला माहीत नव्हतं. झाडणारी बाईच गावात नाही, हे काही डोक्यात आलं नाही.

वारा सुटला. शेजारच्या शेतातल्या दोघी धावून आल्या, हिरव्या डहाळ्यांनी झोडपून आम्ही आग विझवली, पण तोवर तिच्या झाडाच्या ढोलीत विस्तव शिरला होता. मडक्यांनी पाणी ओतलं. बुंध्याची एक बाजू कोळसा झाली. माझ्या झाडाला काहीही झालं नाही.

दोन दिवसांनी ती बसमधून उतरली तशी मी म्हटलं, "बाई, तुमचं झाड मी जाळलं." दुसऱ्या कोणी सांगण्यापेक्षा बरं. ती पिशवीसकट थेट बांधावर गेली, शेणात माती कालवली आणि जळलेल्या बाजूला लिंपत बसली. त्यानंतर आठ दिवस कुडापलीकडून माझ्यासाठी एक शब्द आला नाही. चुलीशी, कोंबड्यांशी, पायाखालच्या ढेकळांशी बोलणारी बाई फक्त माझ्याशी बोलेना. झाड मेलं तर ही मरेपर्यंत अशीच राहील, अशी मला धास्ती बसली. मी रोज चोरून जायचे आणि नखाने साल खरवडून बघायचे, आत हिरवं आहे का.

नवव्या दिवशी ती कुडाशी आली. "धाकटे, चाल. त्याले सांग."

"काय सांगू?"

"चुकलं म्हनून."

मी उभ्या जन्मात नवऱ्याला असं म्हटलेलं नाही. "बाई, झाडाले ऐकू येते का?"

"त्याचं मले काय मालूम?" ती म्हणाली. "तुले त येते ना!"

मी म्हटलं. परत येताना ती आपल्या सुनेच्या कागाळ्या सांगू लागली, आणि मला इतकं बरं वाटलं की मी त्या सगळ्या खऱ्या मानल्या.

पुढच्या चैतात अर्ध्या झाडाला फुलं आली. आता जाऊबाईची कंबर वाकत नाही, म्हणून दोन्ही झाडांखालचं मी झाडते, बसून, सरकत सरकत. ती दगडावर बसून हुकूम सोडते, "थे पान राह्यलं, धाकटे. आंधळी हायेस का?" जळलेल्या बाजूच्या फांद्या वाळून गेल्या आहेत, तिथून फूल गळत नाही. तरी मी ती जागाही झाडते. तिथे वेचायला काही नसतं हे दोघींना माहीत आहे. तेवढ्या जागेपुरतं जाऊबाई एकही राहिलेलं पान दाखवत नाही.