मी लिहिलेला चमत्कार

माझी मुलगी चौदा वर्षांची आहे आणि ती बोलत नाही. हे आधीच सांगते, कारण माझ्या पुस्तकात मी ते लपवलं.

ती शाळेत गेली की सर्जापूर रोडवरच्या आमच्या फ्लॅटमध्ये बसून मी एका मराठी ख्रिस्ती मासिकासाठी क्रमशः कादंबरी लिहायचे. एक साधं कुटुंब, त्यांची स्वमग्न मुलगी, चर्चच्या मंडळीतले लोक, आईचा विश्वास. मुलीचं कानांवर हात ठेवणं, तासन्‌तास गुणगुणणं, एकाच वाटीतून जेवणं, हे सगळं माझ्या घरातलं होतं. आई तेवढी माझ्यासारखी नव्हती. ती कधी चिडत नसे. मी चिडते. एकदा मी मुलीचा दंड इतक्या जोरात धरला होता की बोटं उमटली.

कादंबरीच्या शेवटीही मुलगी बोलत नाही, असंच मी आधी लिहिलं होतं. संपादकांचा फोन आला. "बाई, सगळं उत्तम आहे. पण शेवटी देवाचं काम दिसायला हवं ना! वाचकांनी आशा कुठून घ्यायची?"

मी वाद घालू शकले असते. घातला नाही. एका दुपारी शेवट बदलला. चाळीस दिवसांच्या उपास-प्रार्थनेनंतर नाताळच्या उपासनेत मुलगी उभी राहते आणि विचारते, "आई, मी गाऊ?" लिहिताना मी हमसून रडले. त्या दिवशी शाळेची व्हॅन आली तरी मी वेळेवर खाली गेले नाही. कागदावरची मुलगी सोडवत नव्हती.

पुढे त्याचं पुस्तक निघालं. मागच्या बाजूला छापलं होतं की लेखिका स्वतः एका स्वमग्न मुलीची आई आहे. वाचकांनी काय समजायचं ते समजून घेतलं. फोन यायचे, "तुमच्या लेकीला आमचा आशीर्वाद सांगा." मी "सांगते" म्हणायचे.

एकदा निपाणीकडच्या एका बाईंचा फोन आला. आमच्या जवळच बेळ्ळंदूरला भावाकडे आल्या होत्या, सहा वर्षांची मुलगी सोबत होती, मला भेटायचं होतं. नवरा म्हणाला, "खरं काय ते सांगून टाक."

"सांगते. पण तेवढा वेळ तू हिला गाडीतून फिरवून आण."

त्यानं माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि किल्ली उचलली.

बाई आल्या. त्यांची मुलगी सोफ्याच्या मागे जाऊन बसली आणि पडद्याची कड बोटांत फिरवत राहिली. बाईंनी पिशवीतून माझं पुस्तक काढून समोर ठेवलं, जागोजागी खुणा केलेलं.

"अक्का, तुमची मुलगी कुठं आहे? तिचा आवाज स्वल्प ऐकायचा होता."

"बाहेर गेलीय वडिलांबरोबर," मी म्हणाले. तेवढं खरं होतं.

मग त्या सांगू लागल्या. बेळगावला दर आठवड्याला मुलीला स्पीच थेरपीला नेत होत्या. पुस्तक वाचल्यावर ते बंद केलं. विश्वास ठेवायचा तर पूर्ण ठेवायचा. आठ महिने उपास, प्रार्थना. "आमचंच काही चुकतंय, अक्का. तुम्ही नेमकं कसं केलंत?"

तेव्हा बोलायला हवं होतं. "आपण प्रार्थना करू या," म्हणून बाई गुडघ्यांवर बसल्या. माझ्या मुलीला वाचा दिल्याबद्दल त्यांनी देवाचे आभार मानले, अगदी मनापासून. शेवटी मी "आमेन" म्हणाले.

रिंग रोडवर वाहतूक तुंबली होती, म्हणून नवरा अर्ध्या वाटेतूनच परतला. गाडी थांबून राहिली की मुलीला सहन होत नाही. ती कानांवर हात दाबून, मोठ्यानं हुंकारत आत आली आणि भिंतीला पाठ घासत उभी राहिली.

बाई उठल्या. "ही... तीच?"

"हो. ही बोलत नाही. कधीच बोलली नाही."

त्यांनी भिंतीशी उभ्या माझ्या मुलीकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "पण तुम्ही आमेन म्हणालात." मुलीला उचलून त्या निघाल्या. पुस्तक नेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन उचलला नाही, म्हणून मी बेळ्ळंदूरला गेले. त्या दारातच उभ्या राहिल्या. मी माफी मागितली. "थेरपी पुन्हा सुरू करा, माझ्या मुलीचीही चालू आहे," एवढं कसंबसं सांगितलं.

"करणार आहे," त्या म्हणाल्या. "पण माफ केलं असं आज म्हणवत नाही मला. खोटं कशाला बोलू?"

संपादकांना सगळं खरं सांगणारं पत्र लिहिलं. त्यांनी त्यातल्या चार ओळी शेवटच्या पानावर छापल्या. मग इथल्याच शिवाजीनगर भागात आमची मराठी मंडळी जमते, तिथे एका रविवारी साक्ष द्यायला उभी राहिले आणि सगळं सांगितलं, दंडावरच्या बोटांसकट. बाहेर एक म्हाताऱ्या आजी जवळ आल्या, माझा हात हातात घेतला. "असू दे गं. पण पुस्तक फार छान लिहिलंयस. तो शेवट वाचून मी कितीदा रडले!"

क्षणभर मला बरं वाटलं. अगदी मनातून बरं वाटलं.