फराहबागेतून ताईला पाठवलेला फोटो

दुपारपासून लिहू लिहू म्हणतोय, पण चहाच्या निमित्ताने तीनदा उठलो.

सकाळी निघालो होतो गाडीचा टायर बदलायला, पोचलो फराहबागेच्या जुन्या महालापाशी. बाग आता नावातच उरलीय. महालाभोवतीच्या कोरड्या तळ्यात शेळ्या चरतात. याच तळ्यात ताईने मला सायकल शिकवली. तिने स्वतःच्या मनाने लग्न केलं आणि नेवाशाला गेली. तीन वर्षं आमच्या घरात तिचं नावही निघत नाही.

शेळ्या राखणाऱ्या मावशी म्हणाल्या, "एकटाच हिंडतूस व्हय रं? घरात कुनी न्हाई का?"

"बहीण आहे."

"मग आन की तिला!"

महालाचा फोटो काढून ताईला पाठवला. लगेच उत्तर आलं, "यावंसं लई वाटतं रे. पण माहेरचं माणूस न्यायला आल्याशिवाय कशी येऊ?"

बाबांना विचारायची माझी छाती होत नाही. माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं?

थांबा, दारात ताईचा नवरा उभा आहे. आमच्या घरी पहिल्यांदाच. म्हणतोय, "तिला आणायला माहेरचं माणूस लागतं ना? ते न्यायला आलोय."

बाबा सतरंजीवर थोडे सरकलेत आणि त्याला "बसा" म्हणालेत.