नारळावर दिलेलं मत

जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत आमच्या घरची मतं दिली गेली, तेव्हा मी पडवीत वालाच्या शेंगा सोलत बसले होते. नवरा देवळातून आला, त्याने चपला काढल्या आणि पाय धुता धुता म्हणाला, "ठेवला नारळ."

आमच्या गावात ही रीत जुनी आहे. निवडणूक लागली की गावकी देवळात बसते. मत कुणाला द्यायचं ते ठरतं आणि मग प्रत्येक घरातला कर्ता पुरुष देवीपुढे एक नारळ ठेवतो. नारळ ठेवला म्हणजे घराने शब्द दिला. घरात दोन मतं असोत की सात, नारळ एकच. या रितीने गावाला एके काळी रस्ता मिळाला, नळ मिळाला, हे मी नाकारत नाही. एकगठ्ठा मतं असली की पुढारी दाराशी येतो. पण मी अलिबागच्या कोर्टात नोकरीभर टायपिंग केलं आहे. माणसाचं मत त्याचं स्वतःचं असतं, हे वाक्य माझ्या बोटांखालून इतक्यांदा गेलं की ते माझ्या डोक्यात कायमचं बसलं.

"मला विचारलंत?" मी म्हटलं. लिहिताना मी नवऱ्याला अरे-तुरे करते, तोंडावर अहो म्हणते. पुरोगामीपणाचं माझं कुंपण तिथपर्यंतच आहे.

"तुला काय इचारायचं? तू न्हायच म्हणणार."

खरंच होतं ते. मी शेंगा इतक्या जोरात सोलायला लागले की दाणे अंगणात उडाले.

ज्या पक्षासाठी नारळ ठेवला त्याचा उमेदवार एक बाई होती, कारण जागा महिलांसाठी राखीव होती. बोलायचे मात्र तिचे यजमान. ती शेजारी हात जोडून बसायची. यजमानांच्या गळ्यात गेल्या खेपेला दुसऱ्याच रंगाचं उपरणं होतं, पण तो विषय कुणी काढला नाही. आमच्या खाडीकडचा बांध फुटून खारं पाणी भातशेतीत शिरतं आहे, दवाखान्याला डॉक्टर नाही, शाळा एका मास्तरावर चालली आहे. यातलं अवाक्षर भाषणात नव्हतं. धर्म संकटात आहे, एवढं होतं. देवळाला सभामंडप बांधून देऊ, हे होतं. आणि पाव कुणाच्या बेकरीतून घ्यायचा याचा सल्ला होता.

गावात बेकरी एकच, ती मुसलमानाची. त्याच्या बापाच्या हातचा पाव खाऊन हे सगळे टाळ्या वाजवणारे वाढले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम तिकडे गेले, तर तेच चेहरे रांगेत. पाव कुणी बंद केला नव्हता. फक्त आधी कागदात गुंडाळून हातात न्यायचे, ते आता कापडी पिशवीत तळाशी घालून न्यायला लागले होते. बेकरीवाला माझ्याकडे बघून म्हणाला, "भाभी, तुम्हाला पिशवी पायजे?" मला नको होती. मी पाव छातीशी धरून भर रस्त्याने घरी आणले, आणि माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवालाही पक्ष आला. एक पाहुण्या बाई संस्कारांवर बोलल्या. मुलीने काय घालावं, सुनेने कधी बोलावं, हे त्या आम्हाला शिकवत होत्या, आणि गावातल्या विधवा बायका मागच्या भिंतीला टेकून ऐकत होत्या. मी उठून म्हटलं की कुंकू लावायचं तर मागूनच सुरुवात करू या. त्यावर कुणी वाद घातला नाही, कुणी हसलं नाही. वाण वाटायला घेतलं. पालथ्या घड्यावर पाणी.

मला वाटलं होतं, निदान पोपटी तरी यांना जागं करील. आमच्याकडे थंडीत निवडणूक आली की प्रचार पोपटीवरच होतो. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी आणि मसाला लावलेली कोंबडी. मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करायचा. यंदा पक्षाने गावाला पोपटी दिली ती शाकाहारी. वरून कुणी मोठे पुढारी येणार होते, त्यांना वास चालत नव्हता. अंडंसुद्धा नाही. ज्या माणसांनी जन्मात सणवार सोडून शाकाहारी ताट बघितलं नाही, ती शेतात गोल बसून बटाटे सोलत होती आणि एकमेकांकडे बघत होती. मी मनातून खूश झाले. म्हटलं, धर्मावर बोला, बायकांवर बोला, पण कोंबडीला हात लावलात, आता भोगा.

कसलं काय. पुढारी गाडीत बसले तसे सगळे घरी गेले, बोंबील तळले, पोटभर जेवले आणि म्हणाले, "मोठी मानसं हायत, त्यांचा मान राखायला पायजे." त्या दिवशी मी हात टेकले.

दुसऱ्या बाजूची उमेदवार एकदाच आली. घसा बसलेला, पण स्वतः बोलली, आणि बांधावर बोलली. शाळेपुढे ऐकायला आम्ही मूठभर माणसं. बाकीच्यांनी दारं लोटून घेतली होती, कारण नारळ ठेवून झाले होते.

इथे माझ्या नवऱ्याबद्दल सांगायला हवं. तो एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाला. फार बोलत नाही. दर शनिवारी देवळात भजन असतं, त्यात तो मृदंग वाजवतो. त्याच्या वडिलांनी वाजवला, आता तो वाजवतो. शुक्रवारपासूनच त्याची बोटं चालायला लागतात, जेवताना ताटाच्या कडेवर, माझ्याशी बोलताना मांडीवर. बाकी आयुष्यात त्याने स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. गावकीचा शब्द मोडला तर मृदंग जाणार, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. आमच्या भागात पूर्वी घरं वाळीत टाकायचे. आता त्याविरुद्ध कायदा आहे, म्हणून तो शब्द कुणी उच्चारत नाही. फक्त बोलावणं येत नाही. बोलावणं न येण्याविरुद्ध कुठल्या कलमाखाली तक्रार करायची, हे मला इतकी वर्षं कोर्टात काढूनही सांगता येणार नाही.

मतदान शनिवारी होतं. आमच्या वाडीतल्या दोन खोल्या मी पाहुण्यांना देते. त्या दिवशी मुंबईचं एक जोडपं रो-रो बोटीने गाडी घेऊन आलं होतं. सकाळी चहा पिताना देशाचं कसं होणार म्हणून दोघं फार हळहळली. मी विचारलं, तुमच्याकडे गेल्या महिन्यात महापालिकेचं मतदान झालं, केलंत ना? तर नेमकी तेव्हा ती दोघं गोव्याला होती. "तुमच्यासारख्या माणसांमुळेच आशा आहे," बाई मला म्हणाल्या आणि सुरमई ताजी मिळेल का ते विचारलं. दुपारी मी त्यांना सुरमई वाढली, पण एकेक तुकडी कमी वाढली.

मतदानाला आम्ही नवराबायको बरोबरच शाळेत गेलो. वाटेत तो थांबला आणि म्हणाला, "तू कुनाला द्यायचं ते दे. फकत मला सांगू नको. मला म्हायत नसलं तर उद्या कुनी इचारलं तर नारळावर हात ठेवता येईल."

इतका सरळ हिशेब होता त्याचा. पण माझं डोकं फिरलं. मी माझं मत द्यायचं आणि ते चोरीच्या मालासारखं घरातच लपवायचं? परतताना सुपारीच्या वाडीपाशी मी त्याला ठणकावून सांगितलं, "मी त्या घसा बसलेल्या बाईला दिलं." तो दोन पावलं पुढे झाला, एवढंच. मला त्याचा पश्चात्ताप नाही. तेव्हाही नव्हता.

नारळवाली बाई निवडून आली. यजमानांच्या गळ्यात हार पडले. आता सगळं निवेल असं मला वाटलं, पण मतमोजणीला बसलेल्या गावातल्या माणसाने आमच्या केंद्राचे आकडे ऐकले होते. घसा बसलेल्या बाईला आमच्या केंद्रावर मतं पडली होती. थोडी, पण पडली होती. गावकी बसली, आणि या खेपेला निरोप आला की बाईमाणसांनीही यावं. मत ठरवायला आम्हाला कधी बोलावलं नाही. जाब विचारायला बोलावलं.

देवीपुढे ताम्हनात एक नारळ ठेवला होता. गावकीचे अध्यक्ष म्हणाले, "आपल्यात कुनीतरी शब्द मोडला. कोन ते आमी इचारीत न्हाय. ज्याच्या घरातून मोडला न्हाय, त्यानं येऊन हात ठेवायचा. बस."

एकेक जण उठायला लागला. हात ठेवायचा, "आमच्या घरातून न्हाय" म्हणायचा आणि जागेवर येऊन बसायचा. सगळे मधूनमधून माझ्याकडे बघत होते. गावात बोलणारी मीच, तेव्हा मोडणारीही मीच, हे ठरलेलं होतं. पण मला दुसरंच दिसत होतं. पडलेली मतं एकाहून जास्त होती. म्हणजे या बसलेल्यांत आणखी काही घरं माझ्यासारखी होती. क्षणभर मला एवढा आनंद झाला की मी मान उंच करून चेहरे शोधायला लागले. मग हात पडत गेले. एकामागून एक, न अडखळता, देवीच्या डोळ्यांदेखत. माझा आनंद जळून गेला. ज्यांनी माझ्याविरुद्ध मत दिलं त्यांच्यापेक्षा, ज्यांनी माझ्यासारखं देऊन नारळावर हात ठेवला त्यांचा मला जास्त राग आला, आणि ते कोण हेसुद्धा मला कळणार नव्हतं.

आमची पाळी आली. मी उठणार होते. वाक्य मनात जुळवून ठेवलं होतं, त्यात कायद्याचं नावही होतं. पण नवरा माझ्याआधी उठला. ताम्हनापाशी गेला, देवीला नमस्कार केला आणि हात न ठेवताच वळला.

"नारळ मी ठेवला व्हता," तो म्हणाला. "माझं मत मी दिलं. तिचं तिनं दिलं. माझ्या नारळात तिचं मत नव्हतं."

अध्यक्षांनी खाली बघितलं. ते आणि माझा नवरा बालवाडीपासूनचे सोबती. मग पुढच्या घराचं नाव पुकारलं.

पुढच्या शनिवारी बोलावणं आलं नाही. भांडण नाही, शिव्या नाहीत. दुपारी कुणीतरी येऊन मृदंग मागून नेला, कारण तो गावकीचा होता. नेताना हसून नेला. संध्याकाळी देवळातून भजन ऐकू यायला लागलं. नवरा पडवीत खुर्चीवर बसला होता. मी आतबाहेर करत होते. मला इतका राग आला होता की तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. शेवटी त्याच्यासमोर उभी राहिले आणि जे आठवडाभर विचारायचं टाळत होते ते विचारलं.

"तुम्ही कुणाला दिलंत?"

"त्या बाईलाच," तो म्हणाला. "नारळ ठेवला व्हता ना."

म्हणजे ज्यांनी त्याला भजनातून उठवलं, त्यांच्याच बाईला याने मत दिलं होतं. माझ्यासाठी मृदंग घालवला आणि मत त्यांना दिलं. मला हसावं की डोकं आपटून घ्यावं ते कळेना. "बटाट्याची पोपटी खाऊन? त्यांची ती भाषणं ऐकून?" मी म्हटलं. "अहो, तुम्हाला त्यांचं काय पटतं, ते तरी सांगा."

"पटायचं काय त्यात? शब्द दिला व्हता."

"आणि पुढच्या वेळी? पुन्हा त्यांनाच?"

"पुढच्या येळी," तो म्हणाला, "मला नारळ ठेवायला बोलावणारच न्हायत."

मी जन्मभर हेच मागत होते. आमच्या घरची मतं कुणाच्या नारळाला बांधलेली नसावीत. ते झालं होतं, आणि मयताची खबर द्यावी तसं तो ते मला सांगत होता.

देवळात कुणीतरी मृदंग वाजवत होतं आणि चुकत होतं. समेवर यायचं सोडून पुढे धावत होतं. नवऱ्याची बोटं खुर्चीच्या हातावर पडत होती, बरोबर जिथे पडायला हवीत तिथे. मला ते बघवेना. म्हटलं, निदान त्याला ऐकू तरी येऊ नये, म्हणून मी देवळाकडचा पडवीचा दरवाजा लोटायला गेले.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "उघडाच ठेव."