श्रीपतीच्या पोटरीतला साठा

समोर पांढरीशुभ्र खोली. मधोमध एमआरआयचं बोगद्यासारखं यंत्र, आणि त्यात आधी पाय घालून उताणा पडलेला श्रीपती. बत्तीस वर्षं खंडाळ्याच्या घाटात हातोडा घेऊन रुळांवरून चाललेला माणूस; बोगदे त्याला नवे नव्हते, पण असा झोपून शिरण्याचा योग पहिलाच. काचेपलीकडे संशोधक अनघाताई, शेजारी पिशवी पोटाशी धरून त्याची बायको चंपा.

गेल्या वर्षी मोठा ताप येऊन गेला, तेव्हापासून कान्हे स्टेशनचा जिना चढताना श्रीपतीच्या पोटऱ्या मध्येच दगा देत. "सोंगं नुसती! रिटायर झाल्यापासनं बसून खायची चटक लागलीया तुमास्नी," चंपा म्हणे. इतक्यांदा म्हणाली, की श्रीपतीलाच शंका यायला लागली. आपण खरंच थकतो, की आळस भरलाय? तळेगावात स्नायूंच्या थकव्याच्या अभ्यासासाठी माणसं हवीत असं कळताच तो आपणहून आला, तो एवढ्याचसाठी.

"सुई न्हाई, मग आतलं कळतं कसं?" त्यानं आधीच विचारून घेतलं होतं.

"चुंबकानं, आबा. स्नायूत झटपट वापरायच्या शक्तीचा साठा असतो. आतल्या प्रत्येक पदार्थाचा सूर निराळा, यंत्र तो बाहेरून ऐकतं. पायाशी पेडल असेल, ते दाबाल तसा साठा उतरेल. मी थांबा म्हटलं, की पाय हलवायचा नाही. किती वेळात भरतो, तेच बघायचंय."

पेडल दाबून झालं. "थांबा!" आवाज आला. पडद्यावरचा साठा दाखवणारा सुळका खाली बसला होता, तो वर येईना. दोन मिनिटं, चार मिनिटं. अनघाताई आत जाऊन वाकल्या.

"आबा, पाय चालूच आहे की तुमचा!"

श्रीपती ओशाळला. "काचेतनं ती बघतीया. तिच्या म्होरं निस्तं पडून कसं ऱ्हायाचं?"

चंपानं तिकडून माईकच ओढला. "ऱ्हावा की गप पडून! मी म्हणती न्हवं?"

दुसऱ्या खेपेला पाय हलला नाही. सुळका सावकाश, अगदी सावकाश वर चढला. बाहेर आल्यावर अनघाताईंनी दोघांना तो दाखवला. "साठा भरतो, पण यांच्या वयाच्या इतरांपेक्षा दुप्पट वेळ घेतो. का, ते मलाही अजून कळलेलं नाही. पण सोंग नाही हं, मावशी."

"म्हंजे जिन्यावर ह्येंचं खरंच..." चंपा पिशवी या हातातून त्या हातात घेत पडद्याकडे बघत राहिली.

श्रीपती मात्र तिच्याच पायांकडे बघत होता.

"ताई, आता हिलाबी झोपवा त्यात. पहाटंपासनं एकदाबी बूड टेकत न्हाई. हिचं कवा भरतं, बघा की."